शेवटचे काय बदलले?

वाचकहो, आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात संगणकाच्या बिघाडाची हकीकत कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. लिहायला बसताना तो माझ्याही मनात आला. परंतु गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात दोन दुखणी एकाच वेळी मुक्कामाला आली होती. एक माझ्या जुन्या संगणकाचे आणि दुसरे माझ्या पत्नीचे. पहिल्याचा शोध घेता घेता दुसऱ्याचा उलगडा झाला. ज्या रीतीने तो झाला ती रीत कोणत्याही घराला उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे लेखन.

मी किनवटला राहतो. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या काठी, सागवानी जंगलाच्या सोबतीने वसलेले हे तालुक्याचे गाव. नदी ओलांडली की विदर्भ लागतो, आणि रेल्वेने थोडे पुढे गेले की तेलंगणातील आदिलाबाद. आमच्या बाजारात मराठीच्या बरोबरीने तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली कानावर पडतात. मात्र विशेषज्ञ डॉक्टरांकडे जायचे तर नांदेड गाठावे लागते. रेल्वे असो वा एसटी, जाण्यायेण्यात अख्खा दिवस जातो. त्यामुळे डॉक्टरांसमोर बसण्याची ती दहा मिनिटे आम्हाला फार मोलाची वाटतात.

पत्नीला काही वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवीत होतो. नोंदी ठेवण्याची सवय अंगात मुरलेली. तिचा रक्तदाब घरच्या यंत्रावर मोजायचा आणि संगणकातील तक्त्यात तारखेनिशी लिहायचा, असा परिपाठ मी दोन वर्षे पाळला होता. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी त्या तक्त्याचा कागद काढून न्यायचा. हा संगणक जुना. त्यावरची मूळची प्रणाली पुढे त्याला पेलवेना, तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने त्यावर लिनक्स बसवून दिले. फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लिनस टॉर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने १९९१ साली ज्याची सुरुवात केली आणि पुढे जगभरच्या हजारो हातांनी जे वाढवले, ते हे खुले सॉफ्टवेअर. म्हाताऱ्या यंत्राला त्याने पुन्हा चालते केले, एवढे मला पुरेसे होते.

दारातून परत पाठवणारा संगणक

नोव्हेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी मी संगणक सुरू केला, परवलीचा शब्द टाकला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तोच शब्द मागणारी चौकट समोर आली. शब्द चुकला म्हणावे तर तसा संदेश नाही. दहा वेळा टाकला, दहा वेळा दारातून परत. चार दिवसांनी नांदेडची वेळ ठरलेली होती आणि दोन वर्षांच्या नोंदी त्या दाराआड होत्या.

त्याच आठवड्यात पत्नी पहाटे अंगणात तोल जाऊन पडली होती. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. गेले काही दिवस तिला भोवळ येत होती. थंडीचे दिवस आहेत, उपास झाला असेल, ॲसिडिटी असेल, अशी कारणे आम्ही दोघे एकमेकांना पुरवीत होतो. ती पडली तेव्हा मात्र माझ्या छातीत धस्स झाले. अशा मनःस्थितीत संगणकाने दार लावून घेतलेले. मी तो उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेण्याच्या बेतात होतो. तिथल्या मुलाने फोनवरच निदान करून टाकले, ‘‘सर, फॉरमॅट मारावं लागतंय. अर्ध्या तासात देतो करून.’’

फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणे. यंत्र चालू झाले असते; नोंदी गेल्या असत्या.

मुलाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, ‘‘बाबा, घाबरू नका. आधी एक सांगा, शेवटचं काय बदललं?’’

‘‘काहीच नाही रे. काल चालू होता, आज बंद.’’

‘‘सगळे असंच म्हणतात बाबा. काहीतरी बदललेलं असतंच. बरं, राहू द्या ते. आधी आईच्या नोंदी बाहेर काढू.’’

आधी जीव वाचवा, मग निदान

त्याने लिनक्स बसवताना एक पेनड्राइव्ह मागे ठेवला होता. संगणकातील डिस्कला हात न लावता, थेट त्या पेनड्राइव्हवरूनच यंत्र सुरू करता येते. तसे केले. पडदा उजळला, माउस हलला, सगळे सुरळीत. या एका कृतीने दोन गोष्टी साधल्या. पहिली, डिस्कमधील माझा तक्ता शाबूत असल्याचे दिसले आणि तो मी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. दुसरी, पडदा, कळफलक, स्मृती हे सारे निर्दोष आहे हे सिद्ध झाले. म्हणजे दोष राहिला तो डिस्कवरच्या प्रणालीत. निम्मे घर झडतीतून वगळले गेले.

दुरुस्तीची ही पहिली शिकवण ध्यानात घ्यावी. जे गेल्यास परत मिळणार नाही ते आधी सुरक्षित करावे, आणि नंतर संशयाचे क्षेत्र अर्धे, पुन्हा अर्धे असे कमी करीत जावे. भराभर दहा उपाय करणारा माणूस कोणत्या उपायाने गुण आला हे कधीच सांगू शकत नाही, आणि कोणत्या उपायाने बिघडले हेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा धडा झाला. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या की लिनक्समध्ये चित्रांविना, निव्वळ अक्षरांची काळी पाटी उघडते. तिथे तोच परवलीचा शब्द टाकला आणि आत प्रवेश मिळाला. म्हणजे शब्द बरोबर, खातेही बरोबर. अडथळा होता तो चित्रमय पडदा उभा राहण्याच्या पुढच्या टप्प्यावर. मुलगा फोनवरून एकेक अक्षर सांगत होता आणि मी चष्मा सावरीत टंकत होतो. ‘‘डी, एफ, मग स्पेस द्या बाबा, मग आडवी रेघ, मग एच.’’ स्पेस विसरलो की यंत्र आदेश नाकारी. मध्येच नेटवर्क जाई. पण उत्तर आले ते लख्ख होते. डिस्क शंभर टक्के भरलेली. पडदा उभा करताना प्रणालीला काही तात्पुरत्या फाइली लिहाव्या लागतात. लिहायला जागाच नव्हती, म्हणून ती मला दारातून परत पाठवीत होती.

मग कोणत्या कप्प्याने जागा खाल्ली ते शोधले. छायाचित्रे नव्हेत, गाणीही नव्हेत. प्रणाली स्वतःच्या कामाची जी रोजनिशी लिहिते, ती नोंदीची फाइलच फुगून डिस्क व्यापून बसली होती. ती रिकामी केली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि घरात आनंदीआनंद झाला. पत्नीने चहा केला. मी मुलाला म्हणालो, ‘‘झालं बघ, बरा झाला.’’

तो म्हणाला, ‘‘बरा नाही झाला बाबा. ताप उतरला.’’

तक्रारीनेच घर भरले

त्याचे म्हणणे खरे ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर मोकळी केलेली जागा पुन्हा झपाट्याने भरत चालली होती. या वेळी मी ती रोजनिशी उघडून वाचायला बसलो. इंग्रजी संदेशांची भीती वाटते, ती न वाचण्यामुळे. वाचले की ती ओसरते. एकच मजकूर पुन्हा पुन्हा, एका सेकंदात कित्येकदा लिहिलेला होता. संगणकाच्या आतील अमुक एका जोडणीत त्रुटी आढळली, आणि शेवटी एक शब्द, ‘दुरुस्त केली’. मी तीन वेळा वाचले. त्रुटी गंभीर नव्हतीच. यंत्र ती जागच्या जागी दुरुस्तही करीत होते. पण दर वेळी तिची तक्रार लिहून ठेवीत होते, आणि त्या तक्रारींच्या ढिगानेच सारे घर भरून गेले होते.

वाचकहो, इथे मी हसलो आणि थोडा गंभीरही झालो. आपल्या मनाचे याहून वेगळे काय होते? दिवसभरातील लहानसहान खोट्या आपण तिथल्या तिथे निभावून नेतो. पण त्यांची उजळणी रात्री अंथरुणावर शंभर वेळा करतो. झोप जाते ती मूळ खोटीने नव्हे, तिच्या उजळणीने. त्या चार रात्री माझे हेच चालले होते.

मुलाने दोन मार्ग सांगितले. ‘‘एक शब्द टाकून ही तक्रार लिहिणंच बंद करता येतं. पडदा नीट चालेल, जागा भरणार नाही.’’

‘‘आणि जोडणीतला दोष?’’

‘‘तो तिथंच राहील. फक्त आपल्याला कळणार नाही.’’

डोके दुखते म्हणून रोज वेदनाशामक गोळी घेण्यासारखाच हा मार्ग. कधी कधी तो रास्त असतो. निकडीच्या वेळी वेदना थांबवावीच लागते. पण तो शेवटचा मुक्काम मानू नये. मी म्हटले, आधी कारण पाहू. प्रणाली दर आठवड्याच्या जुन्या नोंदी आवळून बाजूला ठेवते. त्या एकेक उघडून मागे मागे चाळत गेलो. नोव्हेंबर, मग ऑक्टोबरचा शेवट, आणि एका तारखेच्या मागे ती तक्रार एकदाही नव्हती. ती तारीख मी वहीत लिहून ठेवली आणि पत्नीला विचारले, ‘‘या दिवशी काय होतं गं?’’

ती भाजी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, ‘‘अहो, दिवाळीची सफाई नव्हती का त्या दिवशी? टेबल ओढून भिंतीकडं मीच तर सरकवलं. तुमचा तो डबा जरा आपटला पण.’’

शेवटचे काय बदलले, याचे उत्तर असे भाजीच्या ताटातून मिळाले. वीजजोडणी काढून मी डबा उघडला. बिनतारी इंटरनेटसाठी बसवलेली लहानशी पट्टी आपल्या खाचेत किंचित तिरकी बसली होती आणि भोवती धूळ होती. ती काढून, पुसून, नीट दाबून बसवली. त्यानंतर आजतागायत ती तक्रार रोजनिशीत आलेली नाही.

तीच रीत, दुसरे दुखणे

डबा बंद करताना पत्नी सहज बोलून गेली, ‘‘त्याच्या डोक्याची एवढी नोंद काढलीत, माझ्याही काढा की.’’

थट्टाच होती ती. पण मी मात्र थांबलो. दोन वर्षांचा तक्ता माझ्याकडे होता. त्यात रक्तदाबाचे आकडे होते, औषधांचे रकाने होते, आणि ‘इतर त्रास’ या रकान्यात भोवळ असा शब्द अधूनमधून लिहिलेला होता. मी तो शब्द पहिल्यांदा कधी आला ते शोधले. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. त्याच्या मागे दोन वर्षांत एकदाही नाही. मग शेवटचे काय बदलले होते? ऑक्टोबरच्या मध्यावर गोळीची मात्रा वाढली होती. आणि तेवढेच नव्हे. त्याच भेटीनंतर हिने मनावर घेऊन लोणचे-पापड सोडले होते, जेवणात मीठ कमी केले होते आणि रोज सकाळी नदीच्या दिशेने अर्धा तास चालणे सुरू केले होते. तिन्ही गोष्टी रक्तदाब उतरवणाऱ्या, आणि तिन्ही एकाच महिन्यात.

आणखी एक बाब वहीत दिसली. भोवळीची प्रत्येक नोंद पहाटेची, अंथरुणातून उठल्यानंतरची होती. मी मात्र रक्तदाब रोज सकाळी नऊ वाजता, ती खुर्चीत निवांत बसलेली असताना मोजत होतो. बिघाड ज्या क्षणी होतो त्या क्षणी मी पाहिलेच नव्हते. मोजमाप अचूक होते, पण ते चुकीच्या वेळचे होते.

नांदेडला जाताना या वेळी कागदावर केवळ आकडे नव्हते. वर चार ओळी होत्या: त्रास काय, पहिल्यांदा कधी, कोणत्या वेळी होतो, त्याआधी काय काय बदलले. डॉक्टरांनी तो कागद वाचला, पत्नीला झोपवून रक्तदाब मोजला, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजला. झोपून १३४ असलेला वरचा आकडा उभे राहिल्यावर १०८ वर आला. उभे राहताच वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरला, तर त्याला वैद्यकीय भाषेत उभे राहण्याने होणारा रक्तदाबाचा उतार मानतात. मेंदूला होणारा पुरवठा काही क्षण कमी पडतो, भोवळ येते, माणूस पडतो. डॉक्टर म्हणाले, ‘‘मात्रा वाढवली तेव्हाचे आकडे पाहता ते बरोबरच होतं. पण त्यानंतर ताईंनी स्वतःला इतकं बदललं, की आता तीच मात्रा जास्त होते आहे.’’ त्यांनी मात्रा कमी केली आणि उठण्याची रीत सांगितली. पंधरवड्याने ‘इतर त्रास’ हा रकाना कोरा झाला.

ती अंगणात पुन्हा पडली असती तर? या वयात हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घरांनी अनुभवले आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको.

दोष नेमका कुठे राहतो?

तक्ता दाखवायला नांदेडला गेलो होतो, तेव्हाचा आणखी एक प्रसंग सांगतो. नातेवाइकांच्या घरी त्यांच्या बऱ्याच जुन्या संगणकावर मी ती फाइल उघडली, तर ‘ॲसिडिटी’ या शब्दाच्या आरंभी एक रिकामी चौकट. त्यांना वाटले, फाइल बिघडली. पण तीच फाइल माझ्या यंत्रावर स्वच्छ दिसत होती. मराठीतला हा ‘ॲ’ जगभरच्या लिपींचे क्रमांक ठरवणाऱ्या युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या अक्षरसंचांना तो ठाऊकच नव्हता. दोष फाइलमध्ये नव्हता, वाचणाऱ्याच्या डोळ्यांतही नव्हता. मधल्या अक्षरसंचात होता.

‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ या शब्दांतील ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ नीट उमटणे ही मराठीची आणखी एक खास गरज. ‘लोहित’ नावाचे भारतीय लिपींचे अक्षरसंच रेड हॅट कंपनीने खुल्या परवान्याखाली दिले, ते लिनक्सवर अनेक वर्षे वापरात आहेत. आमच्या शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी ज्या लिपीतील हस्तलिखिते मिळाली, त्या गुंजाळा गोंडी लिपीलाही २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. योग्य अक्षरसंच नसेल तर तीही आपल्याला चौकटींची रांग दिसेल. चौकटी दिसल्या म्हणून मजकूर निरर्थक ठरत नाही. घरातील वृद्ध माणसाच्या तक्रारी आपल्याला अनेकदा अशाच चौकटींसारख्या दिसतात. ‘कसंतरी होतंय’ या शब्दांत अर्थ असतो. तो वाचण्याचा संच आपल्याकडे नसतो.

यंत्र आणि शरीर: जिथे साम्य संपते

सॉफ्टवेअरमधील दोषाला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा म्हणतात. हा शब्द यंत्रांच्या दोषासाठी आधीपासून रूढ होता. पण १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-२ या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहून ठेवली. ती वही अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेली आहे. मला त्या कथेत पतंगापेक्षा वही मोठी वाटते.

तरीही एक सावधगिरी कळकळीने सांगतो. संगणकावर मी प्रयोग करू शकलो, कारण नोंदींची प्रत माझ्या खिशात होती. नवी आवृत्ती रुचली नाही तर लिनक्स सुरू होताना जुनी निवडता येते; सारे फसले तर नव्याने बसवता येते. शरीराची प्रत काढून ठेवता येत नाही. मी तक्त्यावरून गोळीवर संशय घेतला, पण गोळी बंद केली नाही. रक्तदाबाचे औषध स्वतःच्या मनाने थांबवणे धोक्याचे असते. आपले काम नीट पाहण्याचे आणि नीट सांगण्याचे. बदल करण्याचे काम डॉक्टरांचे.

त्या चार दिवसांतून मी जे शिकलो ते तुमच्या हाती ठेवतो.

त्रास सुरू झाला की ‘काहीच बदललं नाही’ हे उत्तर लगेच देऊ नका. मागच्या दोन महिन्यांत औषध, त्याची कंपनी वा मात्रा, आहार, झोप, चष्मा, व्यायाम, उपास, घरातील काळजी यांपैकी काय बदलले ते बसून आठवा. घरातील सर्वांना विचारा. उत्तर बहुधा दुसऱ्याच कोणाला ठाऊक असते.

तारीख आणि वेळ लिहा. केवळ ‘बरेच दिवस’ म्हणू नका. काय करत होता, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, या तीन ओळी संगणकाच्या जाणकारालाही पुरतात आणि डॉक्टरांनाही.

एका वेळी एकच बदल करा, आणि तो पुरेसा काळ पाहा.

रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी आणि तंबाखू टाळा. दंड हृदयाच्या पातळीत ठेवा, मोजताना बोलू नका. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. उठल्यावर भोवळ येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उभे राहूनही मोजा, आणि त्या वेळी जवळ कोणीतरी असू द्या. सकाळी उठताना आधी कुशीवर वळा, मग अंथरुणाच्या काठावर पाय सोडून थोडा वेळ बसा, आणि मगच उभे राहा.

आणि शेवटचे, थकलेल्या डोक्याने रात्री दुरुस्ती करू नका. पहिल्या संध्याकाळी मी अकरापर्यंत जागून जे उपद्व्याप केले, त्यांपैकी एकही उपयोगी पडला नाही. सकाळच्या चहानंतर दहा मिनिटांत वाट दिसली.

आता आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन कामे होतात. संगणकातील नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर काढली जाते, आणि आम्ही दोघे समोरासमोर बसून एकमेकांना एकच प्रश्न विचारतो. मागच्या खेपेला पत्नीने विचारला तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हणालो, ‘‘काहीच नाही.’’

ती म्हणाली, ‘‘सगळे असंच म्हणतात. मग पंधरा दिवसांपासून जिना चढताना मध्ये थांबायलात ते?’’

नांदेडची वेळ घेतली आहे. या वेळी कागद तिने लिहिला आहे.